कामाच्या दिवसांचा अनुशेष

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. भांडीकुंडी, बाजरीची पोती, कोपीसाठी, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीसाठी, लागणारे ताडपत्रीचे तुकडे, बैल, शेळ्या आणि शाळेतून काढलेली मुले असा सगळा संसार घेऊन माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या, तर काही थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. या ऊसतोड कामगारांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात असावी, असे अंदाज मांडले जातात. सगळेच अंदाज, कारण त्यांची नेमकी मोजदाद कोणी वर्षानुवर्षे केलीच नाही. ज्या राज्यात प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप करण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या, कोटी-कोटींचे हिशेब झाले, राज्यपालांचे निर्देश निघाले, त्या राज्यात दर हंगामाला एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या माणसांचा मात्र पक्का आकडा नसावा, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. आपण मागासलेपण हेक्टरांत, किलोमीटरांत आणि रुपयांत मोजले. एका गावातल्या माणसाला त्याच्या गावाच्या आसपास वर्षातून किती दिवस काम मिळते, हे आपण मोजले नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या शेतीविकासाच्या चर्चेतली सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय बाकीचे उपाय, ते कितीही प्रामाणिक असले तरी, मूळ दुखण्यापर्यंत पोहोचणार नाहीत.

या चुकीचा इतिहास पाहताना एकच नाव तीनदा समोर येते, ते अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांचे. १९७१ साली दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, त्यात जमिनीच्या फेरवाटपाने ग्रामीण गरिबांचा प्रश्न सुटणार नाही आणि त्यांना मजुरीचे काम पुरवण्याची जबाबदारी सार्वजनिक बांधकामांच्या मार्गाने सरकारने उचलली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ साली दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊसकर यांनी कालव्याच्या पाण्याविषयी अहवाल दिला. बारमाही उसाला पाणी देण्याऐवजी आठ महिने पाणी पुरवावे आणि ते अधिक शेतकऱ्यांच्या अधिक जमिनीवर पसरावे, हा त्याचा गाभा होता. पुढे १९८४ साली दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल सादर केला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मागे असलेल्या जिल्ह्यांची तूट काढून तिने एकंदर अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरवला.

या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट आपण डोक्यावर घेतली. ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणाचा परवलीचा शब्द झाला. घटनेच्या ३७१(२) या कलमाखाली १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, निर्देशांक आणि अनुशेष समिती आली, २०१३ साली प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवाल आला आणि २०२० साली मंडळांची मुदतही संपली. पहिल्या दोन गोष्टी, म्हणजे काम आणि पाणी, मागे राहिल्या. समितीच्या नऊ क्षेत्रांत रोजगार नव्हता, याबद्दल समितीला दोष देणे कदाचित अन्यायाचे होईल. तिला भौतिक सुविधांतली तूट मोजायची होती आणि ते काम तिने काटेकोरपणे केले. पण ज्या अर्थतज्ज्ञाने तेरा वर्षे आधी मजुरीच्या कामाला दारिद्र्यनिर्मूलनाच्या केंद्रस्थानी ठेवले होते, त्याच्याच अहवालातून काम हा शब्द गळावा आणि नंतरच्या चार दशकांत तो परत आणावा असे कोणाला फारसे वाटू नये, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

सिंचनाचा अनुशेष भरून निघाला की काम आपोआप वाढेल, असे गृहीत धरले गेले होते. हे गृहीतक निराधार नाही. पाणी आले की दुसरे पीक येते आणि दुसऱ्या पिकाबरोबर खुरपणी, काढणी, मळणी, जनावरे, दूध असा कामाचा ओघ सुरू होतो. प्रश्न पाणी किती आले याइतकाच ते कोणत्या पिकाला गेले याचाही आहे. पैठणचे जायकवाडी धरण मराठवाड्यातल्या कोरडवाहू जमिनीला पाणी देण्यासाठी बांधले गेले, आणि त्याच्या लाभक्षेत्रात पुढे ऊस उभा राहिला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच जिल्ह्यात साखर कारखानेही होते. उसाने राज्याच्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार-पाच टक्के जमीन व्यापलेली असताना सिंचनाच्या पाण्याचा मोठा, काही अंदाजांनुसार निम्म्याहून बराच अधिक, वाटा त्याला जातो. एक हेक्टर उसाला वर्षभर लागणाऱ्या पाण्यात हरभरा किंवा रब्बी ज्वारीचे चार-पाच हेक्टर सहज निघतात. शिवाय त्या चार-पाच हेक्टरांवरचे काम ज्या गावात पाणी आहे त्याच गावात, वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या घरांना मिळते. उसाचे काम मात्र तोडणीच्या काही आठवड्यांत एकवटलेले असते आणि ते करायला बाहेरची टोळी येते. म्हणजे पाणी मराठवाड्यात आणले तरी ते उसाला दिले, तर सिंचनाचा अनुशेष कागदावर कमी होतो आणि शेजारच्या तालुक्यातला माणूस तरीही कोयता घेऊन बाहेर पडतो. आठमाही पाणीवाटपाची कल्पना म्हणूनच केवळ पाण्याच्या न्यायाची नव्हती, ती कामाच्या वाटपाचीही होती. कालव्यांवर तिचा अंमल फारसा झाला नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक नव्हते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्याला त्याच्याच मालकीचा कारखाना मिळावा हा हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. त्या कारखानदारीने शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूध संघ उभे केले. तिची थट्टा करण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु या सहकाराच्या सभासदांच्या यादीत ऊस पिकवणारा आहे, ऊस तोडणारा नाही. त्याचा कारखान्याशी थेट संबंधच येत नाही. त्याच्या आणि कारखान्याच्या मध्ये वाहतूकदार असतो आणि मजुरांची टोळी जमवणारा मुकादम असतो. हिशेबाचे एककसुद्धा माणूस नसून कोयता असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकट्याने आलेला माणूस म्हणजे अर्धा कोयता. आषाढ-श्रावणात मुकादम गावात येतो आणि कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखभर रुपयांपर्यंत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. त्या पैशातून पेरणीची उसनवारी फिटते, मुलीचे लग्न उरकते किंवा दवाखान्याचे बिल भागते. मग हंगामभर पहाटेपासून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी आली की रात्री भरून द्यायची. एखादा दिवस ताप आला तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे अंगावर चढतात. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षी कोठे जायचे हेही आधीच ठरून जाते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती स्वागतार्हच होती. पण कारखान्यांची गाळपक्षमता वाढत गेली तसा हंगाम आखडत चालला आहे, आणि टनावर मजुरी घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कमी दिवसांचा हंगाम म्हणजे न फिटलेली उचल.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे दिसून आले. यावर विधिमंडळात चर्चा झाली, समिती बसली, डॉक्टरांवर निर्बंध आले. त्या आकड्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले गेले आणि तो आरोग्याचा प्रश्न आहेच. परंतु पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही अशी मजुरीची व्यवस्था ज्या जिल्ह्यातल्या बाईला निमूटपणे पत्करावी लागते, त्या जिल्ह्यात तिला पर्याय किती दिवसांचा उपलब्ध होता, हा प्रश्न त्या आकड्यामागे उभा आहे. तो विचारला गेला असता तर चौकशी दवाखान्यांशी थांबली नसती.

पर्याय नव्हता असे मात्र नाही. ग्रामीण माणसाला काम मागण्याचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात त्याचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणारी, पाझर तलाव आणि नालाबांध खणणारी ती पिढी अजूनही गावोगावी आहे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेण्यात आला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या मजुराची हजेरी भागवण्याची ही व्यवस्था त्या काळाच्या मानाने विलक्षण धाडसाची होती. आज आपण तो कर मुकाट्याने भरतो आणि तो कशासाठी सुरू झाला हे विसरून गेलो आहोत. विसापूरच्या प्रयोगानंतर साठ वर्षांत तासगाव द्राक्षांचा तालुका झाला आणि तिथे आता बाहेरून मजूर येतात, हाही या कथेचाच एक भाग आहे.

मग बीडच्या माणसाला रोजगार हमीचे काम असताना तो ऊसतोडीला का जातो? याचे नेहमीचे उत्तर असे की हमीची मजुरी कमी पडते. ते अर्धेच खरे आहे. खरी अडचण पैसे मिळण्याच्या क्रमात आहे. मुकादम कामाआधी पैसे देतो. सरकार काम झाल्यावर देते, आणि तेही कायद्याने ठरवलेल्या पंधरा दिवसांत देईल याची खात्री नसते. ज्या घराला ज्येष्ठ-आषाढात एकरकमी पैशाची निकड आहे, त्या घरापुढे आठवड्याच्या मस्टरची मजुरी हा उचलीला पर्याय होऊच शकत नाही, मग ती मजुरी दीडपट केली तरीही. ऊसतोड हा रोजगाराचा जितका प्रश्न आहे तितकाच तो पतपुरवठ्याचाही आहे. आपण काम देणारी योजना एका खात्यात, कर्ज देणारी दुसऱ्या खात्यात आणि पाणी देणारी तिसऱ्याच खात्यात ठेवली. मुकादमाने तिन्हींच्या उणिवा ओळखल्या आणि त्या एका भेटीत भागवल्या.

ही विसंगती मराठवाड्यापुरती नाही. विदर्भात कापसाच्या वेचणीला माणूस मिळत नाही अशी तक्रार दर दिवाळीला ऐकू येते, आणि त्याच भागात फाल्गुनापासून मृगापर्यंत हाताला काम नसते. तिथे सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, हार्वेस्टरने सोयाबीन काढणीचे काम घेतले आणि ज्वारीबरोबर कडबा गेल्यामुळे जनावरांवरचे कामही आटले. गोंदिया-भंडाऱ्यात धान निघाले की गावे रिकामी होऊ लागतात. कोकणात तर अवघडच प्रकार आहे. पावसाळ्यात अमाप पाऊस, नंतर पाण्याची ओरड, तरुण मुंबईला, आणि रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखणीला व फवारणीला नेपाळहून आलेले गडी. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळाले, बागा वाढल्या, पण त्या बागांतले काम मोसमी राहिले आणि गावातला तरुण वर्षभर मिळणाऱ्या नोकरीसाठी आधीच निघून गेलेला होता. ‘मजूर मिळत नाही’ आणि ‘काम मिळत नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच गावच्या पारावर, एकाच वर्षात, वेगवेगळ्या महिन्यांत खरी असतात. वार्षिक सरासरीत ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि अहवालात सारे आलबेल दिसते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. शेतीत आधीच गरजेपेक्षा अधिक माणसे आहेत. देशाच्या एकूण उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास असताना, २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार ४६ टक्के कामकरी शेतीवर आहेत. २०१८-१९ मध्ये हे प्रमाण ४२.५ टक्के होते, म्हणजे ते उलट वाढले. अशा वेळी गावातच काम निर्माण करायचे म्हणजे माणसांना तोट्याच्या धंद्यात कोंडून ठेवणे नव्हे काय, स्थलांतर हीच प्रगतीची वाट नाही काय, असे विचारले जाते. शेतीतून माणसे बाहेर पडली पाहिजेत, हे मला मान्य आहे. परंतु ऊसतोडीला जाणारे कुटुंब शेतीतून बाहेर पडत नाही. ते एका शेतातून दुसऱ्याच्या शेतात जाते आणि परत येते. त्यात नवे कौशल्य मिळत नाही, कायमचे घर मिळत नाही, आणि मुलांची शाळा सुटत असल्याने पुढच्या पिढीचीही बाहेर पडण्याची वाट बंद होते. जो पुण्याला जाऊन वीजजोडणी शिकतो त्याचे स्थलांतर आणि जो उचल फेडायला फडात जातो त्याचे स्थलांतर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात वर्षातून दोनशे-सव्वादोनशे दिवसांचे काम असलेल्या बापाचाच मुलगा दहावीपर्यंत सलग शाळेत बसतो आणि मग शेती सोडू शकतो. गावातले काम हे शेती सोडण्याच्या आड येत नाही, बहुतेक वेळा त्यानेच ती वाट मोकळी होते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, शासन त्यांच्या खरेदीला अनुदान देते, तेव्हा कोयता आपोआपच जाईल आणि हा प्रश्न उरणार नाही. कोयता गेला तर कोणाला दुःख होईल असे वाटत नाही. पण यंत्राने कोयता जाईल तेव्हा उचलही जाईल, आणि तिच्या जागी बालाघाटच्या डोंगररांगांतल्या गावांत काय येईल याची तयारी कोठे दिसत नाही. अनुदान यंत्राला, सोय कारखान्याला, आणि सुटलेला माणूस ज्या तालुक्यातून आला त्या तालुक्याच्या खात्यात काहीच नाही, असा हा हिशेब आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे दहा रुपये घेण्याची तरतूद आहे. तो पैसा ओळखपत्रे आणि वसतिगृहे यांच्यापलीकडे जाऊन, ज्या तालुक्यांतून टोळ्या निघतात तिथल्या पाणलोटाच्या कामांना, शेळीपालनाला, तुतीच्या लागवडीला गेला पाहिजे. तुतीचे उदाहरण मुद्दाम घेतो. रोजगार हमीतून तुती लावता येते, जालन्यात कोषांची बाजारपेठ २०१८ पासून सुरू आहे, आणि उसाच्या मानाने कितीतरी कमी पाण्यावर एका एकरात वर्षातून चार-पाच वेळा पैसा हाती येतो. रेशीम हा काही रामबाण नव्हे. भाव पडतात, रोग येतो, आणि ज्याला जमीनच नाही त्याला त्याचा थेट उपयोग नाही. पण वर्षभर थोडे-थोडे काम आणि थोडे-थोडे पैसे देणारा उद्योग कसा असतो, हे त्यातून कळते.

२०२५ च्या डिसेंबरात केंद्राने २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, मात्र खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर आला, आणि पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवस कामे थांबवण्याची तरतूद झाली. शेतकऱ्याला मजूर मिळावेत हा या थांबवण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण महाराष्ट्रात ‘ऐन हंगाम’ म्हणजे नेमका कोठला? गोंदियातली धानरोवणी, यवतमाळची वेचणी, नाशिकची द्राक्षछाटणी आणि बीडच्या माणसासाठी सातारा-कोल्हापुरातला ऊस, हे एका तारखेत बसणारे हंगाम नाहीत. साठ दिवसांच्या तारखा मुंबईत बसून राज्यासाठी सरसकट ठरल्या, तर ज्या भागात त्या काळात शेतीचे कामच नाही तिथला माणूस दोन्हीकडून रिकामा राहील. त्या तारखा तालुक्याच्या पीकपद्धतीवरून ठरवायच्या, तर तालुक्यात कोणत्या महिन्यात किती माणसांना किती दिवस काम असते हे आधी माहीत पाहिजे. आणि तिथे आपण पुन्हा त्याच न केलेल्या मोजणीपाशी येतो.

ही मोजणी अशक्य नाही, किंबहुना तिचे तुकडे आजही सरकारच्या हातात आहेत. रोजगार हमीची हजेरी संगणकावर आहे, कारखान्यांकडे टोळ्यांचे करार आहेत, ई-पीक पाहणीतून कोणत्या गटात काय पेरले हे कळते, आणि दिवाळीनंतर कोणत्या शाळेचा पट किती खाली येतो हे मुख्याध्यापकाला तोंडपाठ असते. हे तुकडे जोडून दर तालुक्याचे बारा महिन्यांचे कामाचे पत्रक करावे, सिंचन प्रकल्पाच्या मंजुरीत हेक्टरांबरोबर त्यातून लाभक्षेत्रात किती मजूरदिवस निघणार हा रकाना सक्तीचा करावा, आणि कालव्याच्या पाण्याचा पहिला हक्क दोन हंगामी पिकांना द्यावा, एवढे करायला नवी समिती लागत नाही. त्याला विरोध कोठून होईल हेही उघड आहे. ज्यांच्या उसाला बारमाही पाणी आहे त्यांचा होईल, आणि ज्या कारखान्यांना दसऱ्याला कोयते हवे आहेत त्यांचाही होईल, कारण बीडमधल्या कामाचा प्रत्येक दिवस फडातल्या मजुरीची बोली वर नेतो. मराठवाड्याच्या प्रतिनिधींनीही आजवर हेक्टर आणि कोटी एवढेच मागितले आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे स्वतःचे कारखाने आहेत.